उंबरठ्यावरचा नियम फोनलाही लागू करा

प्रति,
मा. अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



मी सांगली जिल्ह्यात महिला बचत गटांच्या हिशेबाचं काम करते. कोणत्या बाईनं कशासाठी कर्ज उचललं, हप्ता वेळेवर आला का, नाही आला तर का नाही, हे सगळं माझ्यासमोर वहीत येतं. शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी म्हणून उचललेले पैसे प्रत्यक्षात एखाद्या कंपनीच्या ‘जॉइनिंग’ला गेलेत, असं या वहीत आता वारंवार दिसतं. म्हणून हे पत्र. ते खुलं ठेवलंय, कारण ज्यांच्यावर ही वेळ येते त्या बाया सरकारी कार्यालयात अर्ज करत नाहीत, पण गावात आलेलं मासिक वाचतात, किंवा कुणी वाचून दाखवलं तर ऐकतात.

नेटवर्क मार्केटिंग, आमच्याकडच्या बोलीत चेन मार्केटिंग, बंद करा असं मला म्हणायचं नाही. माल घरी नेऊन दाखवून विकणं हा सरळ, कष्टाचा धंदा आहे. १९८०च्या दशकात युरेका फोर्ब्सचे विक्रेते टाय लावून शहरातल्या घराघरांत व्हॅक्यूम क्लीनर चालवून दाखवायचे. ते यंत्र काय करतं हे दुकानाच्या काचेतून कळलं नसतं. अमेरिकेत टपरवेअरचे डबे दुकानात पडून राहायचे, कारण झाकण दाबून हवा कशी काढायची हेच गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हतं. ब्राउनी वाइज नावाच्या बाईनं घरोघर बायकांना जमवून ते करून दाखवलं आणि १९५१मध्ये कंपनीनं दुकानांतली विक्रीच थांबवली. टपरवेअर भारतात १९९६मध्ये आलं, अ‍ॅमवेनं इथं धंदा सुरू केला तो १९९८मध्ये. काही वस्तू हातात घेऊन, वापरून दाखवल्याशिवाय खपत नाहीत, हे खरंच आहे.

तासगावच्या बाजूला आमच्या गटातली एक बाई हा धंदा नीट करते. तिच्या कंपनीचं भांडी घासायचं लिक्विड आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती दूध लागलेलं पातेलं मुद्दाम घेऊन जाते आणि सगळ्यांसमोर घासून दाखवते. ज्यांना पटलं त्यांचे नंबर घेते. पुढचं सगळं फोनवर. महिन्याच्या सुरुवातीला ग्रुपवर विचारते, कुणाचं संपलं? मागणी आली की बाजाराच्या दिवशी स्कूटीवरून पोचवते, पैसे यूपीआयनं घेते, वहीत लिहिते. एकदा समोर बसून विश्वास मिळवायचा आणि नंतर फोनवर सेवा द्यायची, ही तिची रीत. तिची कमाई मोठी नाही, पण तिच्या पैशातला प्रत्येक रुपया भांडी घासणाऱ्या बाईच्या खिशातून आलाय आणि त्या बाईला त्याबदल्यात माल मिळालाय. ऑनलाइन आणि समोरासमोर यांची सांगड घालून हा धंदा कसा करावा, असं मला कुणी विचारलं तर मी तिचं घर दाखवीन.

तिची अपलाइन, म्हणजे साखळीत तिला जोडणारी वरची सभासद, मात्र तिच्यावर नाराज आहे. “तू नुसती विकत बसतेस. तुझी टीम कुठाय?” असं तिला भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलं.

साहेब, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आलं. फोन आणि हॉल ही दोन्ही साधनं चांगल्या विक्रेत्याकडेही आहेत आणि फसवणाऱ्याकडेही. फरक एवढाच की पैसा मालाच्या गिऱ्हाइकाकडून येतो की नव्यानं ‘आयडी लावणाऱ्या’, म्हणजे सभासद होणाऱ्या माणसाकडून. हा फरक बाहेरून दिसत नाही. पण कंपनीच्या संगणकात तो पैशापैशापर्यंत नोंदलेला असतो. आपण त्या नोंदी मागवू शकता.

आता दुसरी रीत सांगते, कारण तीच जास्त चालते.

सुरुवात फोनवर होते. स्टेटसला नवीन गाडीचा फोटो, विमानतळावरचा फोटो. मग मेसेज : “ताई, घरबसल्या काम आहे. काय ते फोनवर नाही सांगता येणार, लिंक पाठवते, रात्री आठला जॉइन व्हा.” कंपनीचं नाव नाही, मालाचं नाव नाही. नव्या सभासदाला हे पद्धतशीर शिकवलं जातं : शंभर नावांची यादी काढ, उत्सुकता जागी कर, पण प्लॅन सांगू नकोस. झूमवर कुणाच्या नावापुढे डायमंड, कुणाच्या प्लॅटिनम. तिथंही पूर्ण हिशेब सांगत नाहीत, “रविवारी प्रत्यक्ष या” म्हणतात. रविवारी मिरजेच्या किंवा सांगलीच्या एखाद्या मंगल कार्यालयात दोनेकशे माणसं, मोठा आवाज, टाळ्या, स्टेजवर सत्कार. शेजारी जी बसलेली असते ती परकी नसते. नणंद असते, माहेरची मैत्रीण असते, मुलाच्या शाळेतल्या बाई असतात. त्यांच्यासमोर नाही म्हणणं आपल्याकडच्या बाईला किती अवघड जातं, हे मी आपल्याला वेगळं सांगायला नको.

होकार मिळाला की पुन्हा फोन. पण तिचा फोन तिच्या हातात राहत नाही. अपलाइन तो घेते, फॉर्म भरते, आलेला ओटीपी स्वतः टाकते, इंग्रजीतल्या अटींखाली ‘मान्य’ची खूण करते आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवते. बाईला कळतं ते एवढंच की तिचा आयडी लागला आणि ती साखळीत अमक्या ताईंच्या ‘राइट’ला, म्हणजे उजव्या बाजूला, आहे. पुढं काही बिनसलं तर कागदावर सगळं नियमात असतं, कारण संमती तिच्याच फोनवरून दिलेली असते. जे आश्वासन ऐकून तिनं पैसे काढले ते हॉलमध्ये तोंडी दिलेलं, त्याची कुठंच नोंद नाही. ज्याची नोंद आहे ते तिनं कधी वाचलेलंच नाही.

ऑनलाइन आणि प्रत्यक्ष अशी जोड देणाऱ्या या पद्धतीचं बळ इथंच आहे आणि धोकाही इथंच. आमंत्रण एका जागी, वचन दुसऱ्या जागी, करार तिसऱ्या जागी. तिन्ही जोडून बघणारं कुणी नसतं.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. प्राइझ चिट आणि पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा १९७८चा आहे. महाराष्ट्रानं १९९९मध्ये ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. आणि २८ डिसेंबर २०२१ रोजी ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम अधिसूचित झाले. हे नियम मी नीट वाचलेत आणि ते चांगले आहेत, हे मनापासून सांगते. पिरॅमिड योजनेला त्यात सरळ मनाई आहे. सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेता येत नाही. करार मोडायला वाजवी मुदत द्यावी लागते आणि विकण्याजोगा राहिलेला माल परत घ्यावा लागतो. तक्रार आली की कामकाजाच्या ४८ तासांत पोच आणि साधारणपणे महिन्याभरात निवारण, असंही बंधन आहे. विक्रेत्यानं ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जायचं नाही. बोलणं सुरू करतानाच, कुणी विचारायच्या आधी, आपण कोण, कंपनी कोणती, माल कोणता आणि येण्याचा हेतू काय, हे खरं आणि स्पष्ट सांगायचं.

या शेवटच्या दोन नियमांपाशी जरा थांबावं अशी विनंती आहे. ते उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिल्यासारखे आहेत. बॅग घेऊन दारात आलेला विक्रेता डोळ्यांसमोर ठेवला तर ते अगदी चपखल बसतात. पण आज आमच्या गावात विक्रेता दारात येतच नाही. तो आधी फोनमध्ये येतो आणि नंतर बाईच तिकीट काढून त्याच्याकडे हॉलमध्ये जाते. मग ओळखपत्र कुणी कुणाला दाखवायचं? थेट विक्रीसाठी ई-कॉमर्स मंच वापरला तर २०२०चे ई-कॉमर्स नियम लागू होतात, अशी तरतूद आहे. मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरचं “रात्री आठला या” हे कुठल्याच वस्तूची विक्री नसल्यानं तिथं सहज बसत नाही. हेतू आधी सांगा, असा नियम आहे, आणि हेतू लपवूनच सगळं आमंत्रण रचलंय. माझ्या मते हा नियमाचा भंगच आहे, फक्त तो फोनवर घडतो म्हणून कुणाच्या नजरेत येत नाही.

राज्य सरकारचं काम याच नियमांत सांगितलंय : थेट विक्रीच्या कंपन्या आणि विक्रेते यांच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा राज्यानं उभी करायची. ही यंत्रणा मंत्रालयातल्या एका टेबलावर असून भागणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकाही बाईला अशा बाबतीत कुणाकडे जायचं हे सांगता येत नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मी गटाच्या बैठकीत देते तेव्हा तो बहुतेकींनी पहिल्यांदाच ऐकलेला असतो.

आणि नंबर माहीत असला तरी फोन जाईलच असं नाही. तक्रार कुणाविरुद्ध करायची? नणंदेविरुद्ध? तीही कुणाच्या तरी शब्दावर आत आलेली असते आणि तिचेही पैसे अडकलेले असतात. तिनंही पुढं आपल्या बहिणीला आत घेतलेलं असतं, त्यामुळे ती तोंड उघडत नाही. आम्ही हप्ता थकल्याचं कारण विचारतो तेव्हा “आजारपण झालं” असं उत्तर येतं. गटाचं कर्ज महिन्याला शेकडा दोन रुपये व्याजानं असतं आणि ते थांबत नाही. तक्रारी आल्या नाहीत म्हणून त्रास नाही, असं आपल्या विभागानं कृपा करून समजू नये. नात्यातून उभा राहिलेला धंदा नात्याखालीच दडपला जातो.

मुंबईसारख्या शहरातही हेच घडलंय. २०११मध्ये स्पीक एशियाचं प्रकरण बाहेर आलं. ११,००० रुपये भरून सभासद व्हा आणि घरी बसून संगणकावर सर्वेक्षणं भरा, अशी ती योजना होती. नवे सभासद आणले की आणखी पैसे. काम सगळं ऑनलाइन, पण लोक जोडले गेले ते ओळखीतून आणि सभांतून. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत ते गेलं. जानेवारी २०२५मध्ये दादरच्या टोरेस दागिन्यांच्या शोरूमपुढे गर्दी जमली, कारण दर आठवड्याला मिळणारे पैसे अचानक थांबले होते. ती थेट विक्री नव्हती, गुंतवणुकीच्या नावाखालची योजना होती. पण भरवसा कसा निर्माण झाला ते पाहा : झगमगीत दुकान प्रत्यक्ष दिसत होतं, पैसे येत असल्याचं शेजारी सांगत होते आणि नवा माणूस आणणाऱ्याला बक्षीस होतं. भाजी विकणाऱ्या माणसांनी त्यात कष्टाचे पैसे घातले.

आता गणित. एकानं पाच आणायचे, त्या पाचांनी पाच-पाच, हे फळ्यावर काढून दाखवतात तेव्हा तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबतात. पुढं कुणी जात नाही. अकराव्या पायरीला ४,८८,२८,१२५ माणसं लागतात. बाराव्या पायरीला २४,४१,४०,६२५. २०११च्या जनगणनेत सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती, तान्ह्या मुलांसकट. प्रत्यक्षात साखळी त्याच्या कितीतरी आधी, तालुक्यातली नाती संपली की तुटते, आणि तुटते तेव्हा शेवटच्या पायरीवर सगळ्यात जास्त माणसं उभी असतात. आमच्या बाया बहुतेक तिथंच असतात, कारण गावापर्यंत ही गोष्ट शहरातून उशिरा पोचते.

कमाईचं खरं चित्र काय असतं, यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या अधिकाऱ्यांनी सप्टेंबर २०२४मध्ये अहवाल दिला. ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेली उत्पन्नाची पत्रकं त्यांनी तपासली. त्यांच्या पाहणीत बहुसंख्य सभासदांना वर्षाला १,००० डॉलर किंवा त्याहून कमी मिळत होते. बऱ्याच पत्रकांत सभासदांचा खर्चही धरलेला नव्हता. आमच्याकडे तो खर्च म्हणजे हॉलचं तिकीट, एसटीचं भाडं, सेमिनारचं राहणं-जेवण, आणि आता नव्यानं सुरू झालेले ‘लीडरशिप’चे ऑनलाइन कोर्स. सभासदाला साहित्य विकत घ्यायला भाग पाडू नये, असं आपल्या नियमांत आहे. पण कोर्स घेतला नाही तर ग्रुपमधून काढतात, याला भाग पाडणं नाही तर काय म्हणायचं?

हे सुधारता येतं, म्हणून तर मी लिहितेय. २०१६मध्ये त्याच अमेरिकी आयोगानं हर्बालाइफशी तडजोड करताना २० कोटी डॉलर ग्राहकांसाठी वसूल केले आणि त्याहून महत्त्वाची एक अट घातली : विक्रेत्यांना मिळणाऱ्या मोबदल्याचा किमान दोन-तृतीयांश भाग गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष झालेल्या, पडताळता येणाऱ्या विक्रीवर आधारलेला असला पाहिजे. पूर्वी अशी अट पाळली जाते का हे तपासणं कठीण होतं. आता प्रत्येक डब्याचं बिल फोनवर निघतं आणि पैसे यूपीआयनं जातात. कंपन्यांनी स्वतःच्या सोयीसाठी धंदा ऑनलाइन नेला, त्याच नोंदी आता ग्राहकाच्या उपयोगी पडू देत. महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून, सभासद नसलेल्या माणसांना किती माल विकला गेला, हा आकडा जिल्हावार मागवा आणि मराठीत जाहीर करा. तासगावची ती बाई या आकड्याला घाबरणार नाही. घाबरतील ते कोण, हे पहिल्याच वर्षी कळेल.

आयडी लागला की त्याच क्षणी बाईच्या नंबरवर मराठीत मेसेज यावा : तुम्ही अमुक कंपनीच्या विक्रेत्या झालात, एवढी रक्कम दिली, करार मोडायची मुदत अमुक तारखेपर्यंत, मोडायचा असेल तर या नंबरवर मिस्ड कॉल द्या. मिस्ड कॉलच, कारण फॉर्म भरायला पुन्हा तोच फोन त्याच अपलाइनच्या हातात जाईल. हा मेसेज रविवारच्या हॉलमधून घरी परतल्यावर, टाळ्यांचा आवाज नसताना, तिनं वाचला पाहिजे. शक्य असेल तर ओटीपी कुणी टाकला हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी कंपनीनं तिला थेट फोन करून मराठीत विचारावं. खर्चाची सबब कंपन्या सांगतील. ज्यांना परदेश दौऱ्यांची बक्षिसं देणं परवडतं त्यांना हे परवडेल.

हॉलमधल्या सभेबद्दल माझी मागणी साधी आहे. दारावर आणि आमंत्रणावर, मग ते छापील असो वा व्हॉट्सअ‍ॅपचं, कंपनीचं नाव आणि ‘ही थेट विक्रीची सभा आहे’ हे शब्द असावेत. झूमवर बोलणाऱ्याच्या नावापुढे डायमंड नको, ओळखपत्राचा क्रमांक हवा.

औषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींचा विषय वेगळा आणि जास्त गंभीर आहे. “माझ्या सासऱ्यांची शुगर गेली” असा व्हिडिओ ग्रुपवर फिरतो आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद होतात. मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४च्या औषधी व जादुई उपायांच्या कायद्यानं निषिद्ध आहे. कंपनी म्हणते, आम्ही असं म्हणालो नाही, विक्रेता म्हणाला. विक्रेता म्हणतो, मी जाहिरात केली नाही, अनुभव सांगितला. अन्न व औषध प्रशासनाचं खातं आपल्याकडे नसलं तरी या बाबतीत दोन्ही विभागांनी एकत्र बसावं, एवढं आपण घडवू शकता.

आणि हे सगळं होईपर्यंत एक काम लगेच होण्यासारखं आहे. नियमानुसार परत घ्यायचा तो विकण्याजोगा माल. आमच्या भागात अनेक घरांत पलंगाखाली खोकी पडून आहेत आणि त्यातल्या डब्यांची मुदत महिन्यागणिक संपत चालली आहे. मुदत संपली की तो माल विकण्याजोगा राहत नाही आणि कंपनीची जबाबदारीही संपते. येत्या २४ डिसेंबरला ग्राहक दिनाची भाषणं होतीलच. त्याऐवजी, किंवा त्यासोबत, तालुक्याच्या पुरवठा कार्यालयात माल परतीचं शिबिर ठेवा. कंपन्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना तिथं हजर राहायला सांगा. तिथं कुणाविरुद्ध तक्रार लिहून घेऊ नका, नणंदेचं नाव विचारू नका. खोकं आणि बिल घ्या, पोच द्या आणि पैसे बाईच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करा. गटांच्या बैठका दर महिन्याला होतात. शिबिराची तारीख कळवलीत तर निरोप घरोघर पोचवायचं काम आम्ही करू.

आपली,
बचत गटांच्या हिशेबाचं काम करणारी एक कार्यकर्ती
जि. सांगली